एकदाच सांगेन

शिवणकामाच्या कारखान्यात तिला टाचणी म्हणायचे. अंगाने बारीक आणि बोलायला टोचरी. चांगल्या नोकरीच्या थापा मारून एका दलालाने तिला आणि तिच्या मामेबहिणीला तिथे विकलं होतं. तळघरात मशिनी, दाराला बाहेरून कुलूप. माल चढवताना टाचणी कपड्यांच्या गठ्ठ्यांत लपली आणि ट्रकमधून निसटली. मामेबहीण मात्र आतच राहिली.

पोलिसांना सांगितलं, तर म्हणाले, "हे मजूर खात्याचं काम." मजूर खात्यातल्या बाई म्हणाल्या, "डांबून ठेवलंय ना? मग पोलिसांकडे जा." डॉक्टरीणबाईंनी तिच्या इस्त्रीने भाजलेल्या हाताला मलम लावलं आणि नुसती मान हलवली. दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं.

एके सकाळी फौजदार ती राहत होती त्या आश्रयगृहात आले. "हं, सुरुवातीपासून सांग."

"नाही सांगणार."

आश्रयगृह चालवणारी ताई दचकली. "अगं, साहेब मुद्दाम आलेत."

"मग मजूर खात्यातल्या बाईंना आणि डॉक्टरीणबाईंनाही बोलवा. सगळे एकत्र बसा, एकदाच सांगेन. माझी बहीण आत सडतेय आणि तुम्ही मला दारोदार फिरवताय!"

"आम्हाला अटी घालतेस?" फौजदार तडकले.

"घालते. काय करायचं ते करा."

ताईने साहेबांकडे पाहिलंही नाही. सरळ फोन उचलला.

दुपारी तिघं समोरासमोर बसली. टाचणीने सांगायला सुरुवात केली. तळघराचा विषय निघाला तसे फौजदार म्हणाले, "मी जाऊन आलोय. वरचा हॉल पाहिला. तळघर कुठे दिसलं नाही."

"मालाच्या लिफ्टमागे दार आहे," मजूर खात्यातल्या बाई म्हणाल्या. "मालक म्हणाला, आत भंगार आहे. कुलूप तोडायचा मला अधिकार नाही."

"मला आहे."

डॉक्टरीणबाई खाली बघत पुटपुटल्या, "तिथल्या पोरी माझ्याकडे येतात. सोबतचा माणूस त्यांना तोंड उघडू देत नाही. मला वाटलं, आपण कशाला मध्ये पडा."

टाचणी उठली. "आता पडा. चला!"

तिला इथेच थांब म्हणाले. तिने ऐकलं नाही; सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसली.

कुलूप तुटलं. पोरी डोळे चोळत एकेक करून बाहेर आल्या. मालक वकिलाचं नाव घेत थयथयाट करत होता. हवालदाराने त्याला गाडीत कोंबलं. मामेबहीण शेवटी आली. टाचणीला बिलगली आणि तिच्याच पाठीत गुद्दा हाणला.

"इतका उशीर?"

टाचणीने मागे उभ्या असलेल्या तिघांकडे बोट केलं.

"यांना विचार."