जनार्दनरावांची पेटी माझ्या पोटात होती

मित्रांनो, जुना कीबोर्ड म्हटलं की तुम्ही कॉम्प्युटर शोधायला लागाल. अरे बाबांनो, मी वाजणारा! सिंथेसायझर म्हणतात मला. जन्म जपानचा, तारुण्य सांगलीच्या एका ऑर्केस्ट्रात गेलं. डिस्को गाण्यांना मी असा काही ठेका धरायचो की मांडवातले म्हातारेसुद्धा मान हलवायचे. मग ऑर्केस्ट्रा मोडला. मालकांचा भाचा प्रसन्न जयपूरला आयटी कंपनीत लागला, तो मला घेऊन गेला.

तिथं सोडाला भागात त्याच्या घरमालकाला आवाज खपेना. म्हणून मी शास्त्री नगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, त्याची मैत्रीण गौतमी हिच्या घरी राहू लागलो. गौतमी गायची, प्रसन्न मला वाजवायचा. दोघांचा बँड, नाव ‘पिवळा सिग्नल’. पहिला अल्बम करायचा होता आणि त्यात काय काय घुसलं होतं म्हणता! सांगलीचा डिस्को, जयपूरच्या वरातीतली पिपाणी, स्टेशनवरच्या घोषणेआधीची टिंगटाँग. आणि सगळ्यांच्या मुळाशी गौतमीच्या बाबांची भीमगीतं.

बाबा म्हणजे जनार्दनराव, मूळचे नागपूरचे, रेल्वेच्या सिग्नल खात्यात. जयंतीला पेटी घेऊन बसले की अख्खा विहार टाळ्या धरायचा म्हणे. पण कोट्याहून जयपूरला बदली झाली तेव्हा सामान पावसात भिजलं आणि पेटीचा भाता कुजला. तेव्हापासून ते गाणं विसरल्यासारखेच राहत.

तर गौतमीने ठरवलं, बाबांची पेटी माझ्यात उभी करायची. माझी बटणं दाबून नवा आवाज घडवता येतो. हिवाळाभर ती रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसली आणि जनार्दनराव खाटेवरून हुकूम सोडत राहिले.

“नाही पोरी, हे चर्चमधलं वाजून राहिलं. जरा नाकातून बोलू दे तिला.”

“आता?”

“आता सर्दी झाली तिला.”

हसत, भांडत एक दिवस सूर जमला. जनार्दनराव खाटेवरून उठले, माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “आली बाप्पा घरी!” मित्रांनो, आयुष्यात पुष्कळ टाळ्या घेतल्या मी, पण असा आनंद मला कधीच झाला नव्हता. अल्बमचं शेवटचं गाणं बाबांनी या पेटीवर गायचं, असं ठरलं.

आता माझी एक खोड सांगतो. घडवलेला आवाज मी लक्षात ठेवतो खरा, पण माझ्या पोटाखालच्या कप्प्यातल्या सेलांच्या जोरावर. सेल निघाले आणि वीजही नसली की सगळं साफ! गौतमीला हे ठाऊक होतं. प्रसन्नलाही. ऑफिसात दिवसभर जगाचे बॅकअप घेणारा हा शहाणा माझ्याबाबतीत मात्र “करू, करू” म्हणत राहिला. एकदाही कुणी तो आवाज टिपून ठेवला नाही. घाई काय होती? बाबा होते, मी होतो.

आणि बाबा गेले. ड्यूटीवरून आले, छातीत दुखतंय म्हणाले, दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत.

क्वार्टर सोडावं लागलं. गौतमीची आई रत्नमालाबाई आयुष्यभर बदल्यांचं सामान बांधत आलेल्या. त्यांचा नियम ठरलेला: बांधण्याआधी घड्याळ, टॉर्च, रेडिओ, सगळ्यांचे सेल काढायचे, नाहीतर ते गळतात आणि वस्तू खातात. गौतमी टेम्पो ठरवायला गेली होती. बाईंनी मला उलटा केला, कप्पा उघडला, सेल काढले. मग नवऱ्याच्या धुतलेल्या शालीत मला गुंडाळलं. इतक्या मायेने मला कुणीच कधी गुंडाळलं नव्हतं, आणि त्याच हातांनी बाबांची पेटी पुसली गेली. मला तोंड असतं तर ओरडलो असतो!

सोडाल्याच्या नव्या खोलीत गौतमीने मला लावलं. कारखान्यातला कोरा आवाज निघाला. तिने मला उलटं करून पाहिलं. तेवढ्यात आई सेलांची पिशवी घेऊन आल्या. “हे घे. एकही गळला नाही पाहा.”

गौतमीने पिशवी घेतली. “बरं केलंस आई,” एवढंच म्हणाली आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली.

तिने पुन्हा बटणं दाबून पाहिली, कितीतरी संध्याकाळी. पण “सर्दी झाली तिला” म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. जवळपास येणं वेगळं आणि तेच असणं वेगळं. प्रसन्न म्हणाला, “असंच टाकू ना, कुणाला कळणारे?”

“मला,” गौतमी म्हणाली.

अल्बम त्या गाण्याशिवाय निघाला. चार लोकांनी छान म्हटलं, बाकीचं जग आपल्या कामाला लागलं. बँडही थंडावला. आईंनी मात्र विचारलंच, “बाबांचं गाणं कुठाय? त्यांची पेटी?”

गौतमीने जमलं तसं वाजवलं. रत्नमालाबाई डोळे मिटून ऐकत राहिल्या.

“ही त्यांची पेटी नाही गं.”

“नाही.”

“मग कुठं गेली?”

“मशीन जुनी झाली, आई. विसरली.”

येऊ दे आळ माझ्यावर, माझं काय जातं?

आता मी कपाटाशेजारी पडून असतो. कुणी वाजवत नाही. जपण्याचीसुद्धा एक रीत असते, बाळांनो. ज्याला जपायचं त्याची नाडी कुठे आहे ते आधी विचारून घ्यावं. पण हा उपदेश आता मला काय कामाचा! रत्नमालाबाई रोज सकाळी मला पुसतात आणि पुसता पुसता रागावतात, “एवढं जपलं तुले, तरी विसरली न तू!”

मित्रांनो, सोडाल्यात कधी या बाई तुम्हाला भेटल्या, तर सेलांचं त्यांना सांगू नका. माझ्यावरच रागावू द्या.