निशी शहाणी झाली

कोकमाच्या सोलांसाठी रातांबे फोडायचं काम चाललं होतं. पडवीत चिमा आणि तिच्या दोन लेकी बसल्या होत्या. तिघींचे हात मनगटापर्यंत लाल. थोरली ऋतिका पंधराव्या वर्षीच लग्न होऊन मुंबईला गेलेली, आता मांडीवर तान्हं घेऊन माहेरी आलेली. तिला काम करता करताच डुलकी लागत होती. धाकटी निशिगंधा यंदा नववी पास झालेली आणि तिचं लग्न येत्या रविवारी, तेही मुंबईतल्याच मुलाशी. पत्रिका छापली नव्हती. कायदा काय सांगतो ते बाप केरूला चांगलं ठाऊक होतं, म्हणूनच छापली नव्हती.

"निशी शहाणी झाली," असं गेल्या वर्षी केरूच्या बहिणीने वाडीभर सांगितलं होतं. काय पण शब्द शोधलाय आपण! पोरीला पाळी आली की ती शहाणी. काल दोरीच्या उड्या मारणारी आज संसार सांभाळेल, अक्कलसुद्धा त्याच दिवशी येते, असं आपण सगळे धरून चालतो. शिकलेलेही त्यात आलेच.

"आये, आमच्या बाई सांगत होत्या," रातांब्याचा गर चोखत निशी म्हणाली, "अंग आधी वाढतं. कपाळामागचा मेंदू मागनं. फुडं काय होईल त्याचा इचार तो करतो. तो पुरा तयार व्हायला विशी उलटावी लागते."

"म्हंजे तुझा अजून कच्चाच म्हण की," चिमा हसली.

"व्हय तर. आये, माझ्या सासरच्या घराला लिफ्ट हाय ना गो? आणि शाळा सुरू झाली की मी परत येईन ना?"

चिमाचा हात थांबला. "परत? अगो, तूच हो म्हणालीस ना लग्नाला?"

"लिफ्ट हाय म्हणाले, म्हणून म्हटलं."

पोरीला विचारलं, ती हो म्हणाली, एवढाच तर चिमाला आधार होता. ऋतिकाच्या वेळीही तिने हेच सगळ्यांना सांगितलं होतं. आणि ती स्वतः? लग्नानंतर गणपतीपुळ्याला नेतो म्हणाले, म्हणून तीही हो म्हणाली होती. अजून कोणी नेलं नव्हतं.

"मला पण इचारलंस तू," ऋतिका मान खाली घालूनच बोलली. "तुझ्या तोंडाकडं बघून हो म्हटलं मी. तुला तेच हवं होतं."

संध्याकाळी केरू लग्नाचा बाजार घेऊन आला. चिमा पिशवी न घेताच म्हणाली, "हे लगीन नाय होणार."

"येड लागलं काय? शब्द दिलाय. आणि पोर हो म्हणालीय."

"व्हय. पोरच म्हणालीय ती."

"वाडीत तोंड दाखवायला जागा राहील काय?"

"नाय राहिली तर नाय राहिली. तू नाय मोडलंस तर मुलांच्या हेल्पलाइनला मी फोन लावीन."

फोन लागला तर पोलीस दारात येतील, हे केरूला कळत होतं. मग त्याने मोबाइल काढला आणि मुलाकडच्यांना लग्न मोडल्याचं सांगितलं. निशी आत दप्तर शोधत होती.

चिमा ऋतिकाजवळ जाऊन बसली. तिला लेकीच्या डोक्यावरून हात फिरवायचा होता, पण धीर होईना.

बाळाला थोपटत ऋतिकाने अगदी हळू विचारलं, "तेव्हा माझा मेंदू कच्चा होता. तुझा तर पिकला होता ना, आये?"