सरळ पायांचे फोटो

त्या नवराबायकोचं दुकान वाकड्या पायांच्या बुटांचं होतं. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच आत वळलेली, कुणाला बोटंच नाहीत. तो पायाचं माप घेऊन बूट शिवायचा, ती गिऱ्हाइकं सांभाळायची. गिऱ्हाइकं पाठवणारे हाडांचे म्हातारे डॉक्टर वारले आणि दुकानात माशा मारायची वेळ आली. तेव्हा लेक म्हणाली, आता लोक फोनवर शोधतात, वेबसाइट करून घ्या.

साइट करून देणारे दोघं जण वेगवेगळे भेटायला आले. आधी एक अबोल मुलगी आली. दुपारभर स्टुलावर बसून माप कसं घेतात ते बघत राहिली. तेवढ्यात नेहमीच्या एक मास्तरीणबाई आल्या, त्यांना विचारून तिने त्यांच्या पायाचे फोटो काढले. बाईंनी हौसेने पाय पुढे केला. साइटवर असेच पाय दिसायला हवेत, असं ती म्हणाली. नवऱ्याला ते मुळीच रुचलं नाही. ती गेल्यावर, लोकांचं व्यंग चव्हाट्यावर कशाला मांडायचं, म्हणून तो कितीतरी वेळ धुसफुसत होता.

दुसरा आला तो बोलण्यात सफाईदार. चहा निवायच्या आत त्याने लॅपटॉपवर दुकानाचं नाव झळकवलं. खाली समुद्रकिनाऱ्यावर धावणारे नितळ, सरळ पाय. नवरा हरखला. आपलं नाव इतकं देखणं त्याने कधी पाहिलं नव्हतं. बायकोला पहिली मुलगीच पटली होती, पण त्याचा चेहरा बघून ती गप्प बसली.

त्याचीच साइट सुरू झाली आणि फोन वाजू लागले, पण सगळे खेळाच्या बुटांसाठी. सेल कधी लागणार, निळ्यात आहेत का. वाकड्या पायाचं नाव काढलं की समोरून फोन ठेवला जाई.

मग एकदा बाजारात बायकोला मास्तरीणबाई दिसल्या. भलत्याच कुणाकडून शिवलेले बूट घालून फरफटत चालल्या होत्या. तिने विचारलं, तर बाई थांबल्या.

"साइट बघितली मी. माझा पाय शोभला नाही ना तुम्हाला?"

तिने हात धरून समजावलं. बाईंनी मान हलवली, पण दुकानात काही आल्या नाहीत.

फोटो बदला म्हणून नवराबायकोने त्या साइटवाल्यामागे लकडा लावला. आज करतो, उद्या करतो, मग तो फोनच उचलेना. साइटही त्याच्याच नावावर, सगळ्या नाड्या त्याच्या हातात. शेवटी बायको पहिल्या मुलीकडे गेली. मुलीने ओळखलं, खुर्ची दिली, आणि आपण ही कामं सोडून नोकरी धरल्याचं सांगितलं.

ती परतली तेव्हा नवरा फळीवरचे गिऱ्हाइकांच्या पायांचे लाकडी साचे पोत्यात भरत होता. चपलांच्या कारखान्यातल्या नोकरीला त्याने होकार कळवला होता. तिथे तळवे चिकटवायचे, सगळे ठरल्या मापाचे.

"तुला ती पहिली पोरगी आवडली होती ना?" त्याने वर न बघता विचारलं.

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही फार दिवसांनी हसला होतात."

तो सुतळी शोधू लागला. तिने पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी आवळून धरलं.