समासातल्या चार ओळी

"दहावी नापास माणूस मला वाचायला शिकवणार?" संचिताने फेकलेली पेन्सिल प्रीतमच्या कानाजवळून जाऊन कुकरवर आपटली.

प्रीतम पण तापलेला. म्हणाला, नापास नाही, मी शाळा सोडली, आणि डोळे अजून शाबूत आहेत माझे.

बँकेच्या परीक्षेची संचिताताईची ही शेवटची खेप. यात पास झाली नाही तर बाबा चिपळूणकडचं स्थळ पक्कं करणार, हे घरात ठरलेलं. आणि दर सराव परीक्षेत ती इंग्रजी उताऱ्यावरच मार खायची. इंग्रजी प्रीतमला अर्धंमुर्धंच कळायचं, पण उत्तरं तपासताना ती मोठ्याने मराठीत अर्थ लावायची, तो ह्याच्या डोक्यात बसायचा. समासात ती सगळंच उतरवायची, आकडे, नावं, वर्षं. अर्धा वेळ त्यातच जायचा. वर पहिल्या परिच्छेदात दुसऱ्याच कोणाचं मत असायचं, ते ती लिहिणाऱ्याचंच धरून चालायची. खाली लिहिणारा तेच खोडून काढतो, तिथपर्यंत हिचा दम टिकायचा नाही.

"एका परिच्छेदाला एकच ओळ," तो म्हणाला. "कोण म्हणतंय आणि काय म्हणतंय. बस."

दोन दिवस तिने ते कानाआड केलं. तिसऱ्या दिवशी समास मोकळा दिसायला लागला. दहातले आठ बरोबर. त्याने बघितलं आणि पुढचा उतारा उघडून दिला.

गुरुवारी गेटवर नोटीस लागली. तीन पानं, सगळं इंग्रजी. दिवा स्टेशनजवळची त्यांची बिल्डिंग अनधिकृत, बिल्डर कधीचा पळालेला, कोर्टात केस चालू, हे सगळ्यांना माहीत होतं. बिल्डिंगच्या कमिटीचे अण्णा, मोठ्या माणसांत इंग्रजी वाचणारे तेच एक. त्यांनी पहिलं पान वाचून सांगून टाकलं की पाडकामाला स्थगिती मिळालेली आहे, कोणी हलायचं नाही. लोक परत पाण्याच्या टँकरच्या लायनीत जाऊन उभे राहिले.

प्रीतमने तिन्ही पानांचे फोटो काढले आणि ताईपुढे ठेवले. मोबाईलवर आठ मिनिटांचा टायमर लावला. म्हणाला, उतारा समज.

तिने चार ओळी लिहिल्या.

रहिवासी म्हणतात, स्थगिती आहे.
बिल्डर म्हणतो, कागद खरे.
कोर्ट म्हणतं, कागद खोटे, स्थगिती उठवली.
पालिका म्हणते, रविवारी सकाळी नऊपर्यंत खोल्या रिकाम्या करा.

रविवारी नऊलाच तिला ठाण्याच्या सेंटरवर हजर व्हायचं होतं. तिने शेवटच्या ओळीतल्या 'नऊ'भोवती पेन्सिलने गोल केला.

तो त्या चार ओळींची चिठ्ठी घेऊन अण्णांकडे गेला. अण्णांनी ती हातातसुद्धा घेतली नाही. म्हणाले, आता शाळा सोडलेली पोरं कोर्टाचे निकाल सांगणार. जिन्यावरचे सगळे हसले. बाबा पण हसले, ते त्याला झोंबलं. त्याने अण्णांची कॉलर धरली आणि बाबांनी सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत दिली. झालं, मग ती चिठ्ठी कोण वाचतंय?

रविवारी सकाळी सात वाजता ताई जायलाच तयार नाही. बाबा तर भांडं हलवत नाहीत, मग सामान कोण काढणार, हे एकच धरून बसलेली. प्रीतम म्हणाला, मुदत वाढलीय.

"कोण म्हणतंय?" तिने विचारलं.

"मी म्हणतोय." तिचं हॉल तिकीट त्याने तिच्या हातात कोंबलं आणि तिला रिक्षात बसवलं.

नऊ वाजून दहा मिनिटांनी ताईचा फोन आला. गेटला जेसीबी लागलेला, पोलीस म्हाताऱ्यांना हात धरून खाली आणत होते. अण्णा जिन्यात बसून तिसरं पान वाचत होते. बाबा वर खोलीत, आतून कडी लावून.

"आता मोबाईल जमा करायचाय," संचिता म्हणाली. "आवाज कसला येतोय तिकडे?"

"टँकर आलाय."

"प्रीत्या, खरं सांग."

वर बाबांचं दार फोडायला घेतलं होतं. एक-एक दणका जिन्यातून खाली येत होता.

"एका परिच्छेदाला एक ओळ," तो म्हणाला. "जास्त लिहू नकोस. ठेव आता ताई, मला वर जायला पाहिजे."