ओढून न पाहिलेलं कुलूप

मी गॅरेजच्या दाराचं कुलूप बोलतोय. कुलूप म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे आलं असेल ते मी नव्हे, आणि माझं दुखणं तिथूनच सुरू होतं. मला कडी नाही, किल्लीचं भोक नाही. दाराच्या आतल्या बाजूला, ज्या रुळावरून दार वर-खाली होतं, त्याला चिकटून एक काळी डबी दिसेल. तो मी. पोटात तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि एक पोलादी दांडा. दार खाली आलं की वीज मला सांगते आणि दांडा रुळाच्या भोकातून आडवा जातो. मग बाहेरून कितीही जोर लावला तरी दार हलत नाही. निदान कारखान्यात तपासलं तेव्हा तरी हललं नव्हतं.

तिथे एका बाईंनी मला पुन्हा पुन्हा ओढून पाहिलं आणि पाठीवर 'पास'चा कागद चिकटवला. मला वाटलं, आता आपल्यावर कुणी संशय घेणार नाही. ओढून पाहण्यातही माया असते, हे तेव्हा कळायचं वय नव्हतं.

या घरात मला मोटरबरोबर आणलं. बटण दाबलं की आधी मी सुटायचं, मगच मोटरने दार ओढायचं. शेजारीपाजारी आले की त्यांना मोटर दाखवायचे, माझा विषयसुद्धा निघायचा नाही. तेही मी गिळलं असतं. पण बाहेरच्या बाजूला, दाराच्या तळाशी, जुना कडी-कोयंडा तसाच राहिला होता, आणि त्यात रोज संध्याकाळी एक पितळी कुलूप लागायचं.

ते लावायचे नाना, आणि सकाळी उन्हं आल्यावर काढायचेही नानाच. नाना म्हणजे घरातले वडील माणूस. उभा जन्म पुलांची गणितं करण्यात गेला. मुलगा म्हणायचा, "नाना, आता दार आपोआप लागतं. खट् असा आवाज येतो बघा." नाना हसून मान डोलवायचे, "हो का, छान छान," आणि चपला पायात सरकवून बाहेर जायचे.

मग दारापलीकडून मला सगळं कळायचं. किल्ली फिरायची. नाना कुलूप ओढून बघायचे. चार पावलं जायचे, परत यायचे, पुन्हा ओढायचे. त्याला तेल घालायचे. भोकात पाणी जाऊ नये म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबची एक झापड कापून बसवली होती त्याला. त्या ठेंगण्या, पोट सुटलेल्या पितळेचे हे लाड आणि मी आत कोरडाच. जळफळाट होणार नाही तर काय? रात्रंदिवस दार मी धरायचं आणि विश्वास मात्र त्याच्यावर. कधी वाटायचं, नानांना माझ्यात काही खोट दिसली असेल. पूल बांधणारा माणूस, उगाच कशाला शंका घेईल?

एका संध्याकाळी सूनबाई गाडी आत लावून उतरल्या. त्या जनावरांच्या डॉक्टर. नाना तिथेच सायकल पुसत होते. हातातल्या पिशवीत काहीतरी शोधता शोधता सूनबाई म्हणाल्या, "नाना, उद्या मला उजाडताच निघायचंय, घोड्याचं ऑपरेशन आहे. तेवढं कुलूप लावू नका हं."

"हो, हो," नाना म्हणाले.

आणि थोड्या वेळाने बाहेर जाऊन त्यांनी कुलूप लावलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सुनेनं तोंडावर सांगितलं तरी यांना ते पितळ सोडवत नाही.

सकाळी बटण दाबलं गेलं. मी माझा दांडा मागे घेतला, माझं काम चोख केलं. मोटरने ओढलं. खालून पितळेनं धरलं. दार कण्हलं, तळाचा पत्रा वाकला, मोटर दोनदा गुरगुरून थांबली. कोयंडा पिळवटला, पण ते कुलूप काही सुटलं नाही. खोटं कशाला सांगू, ती पकड पाहून मी आणखीनच जळलो.

सूनबाई नवऱ्याच्या स्कूटरवरून निघून गेल्या.

दुपारी मेकॅनिक आला. आल्या आल्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हे लॉक अडकलं असणार. नेहमीचं आहे यांचं." मुलाने बाहेरचं कुलूप दाखवल्यावर जीभ चावली खरी, पण माझी माफी मागितली नाही.

"एका दाराला दोन कुलपं चालणार नाहीत, साहेब," तो म्हणाला. "एक काढा."

मुलगा नानांकडे बघून हळूच म्हणाला, "मग हे विजेचंच काढा. नानांशी रोज कुठे वाद घालत बसू?"

माझा एक स्क्रू निघाला. दुसरा निघाला. भंगाराच्या डब्यात मी कसा दिसेन, याचाच विचार करत होतो. तेवढ्यात सूनबाई परतल्या.

"घोडा कसा आहे?" मुलाने विचारलं.

"उभा राहिला. माझे पाय मात्र गेलेत." त्या खुर्ची ओढून नानांसमोर बसल्या. "नाना, काल सांगितलं होतं ना मी, कुलूप लावू नका?"

"सांगितलं असशील."

"असशील म्हणजे?"

नाना हाताची बोटं चोळत राहिले. मग म्हणाले, "ऐकू आलं नाही गं."

"मग हो कशाला म्हणालात?"

"दर वेळी काय काय म्हणून विचारलं की माणसं वैतागतात."

मुलगा म्हणाला, "कधीपासून हे?"

"बरेच दिवस झाले. तुझी आई होती तोवर ती दुसऱ्यांदा सांगायची." नानांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही म्हणता हे खट् वाजतं. मला नाही वाजत. कुलूप लागलेलं मला हातालाच कळतं."

म्हणजे माझ्यात खोट नव्हती. इतके दिवस मी ज्याला तिरस्कार समजत होतो तो नुसता न पोचलेला आवाज होता.

सूनबाईंनी मेकॅनिकला विचारलं, "दार न हलवता नुसतं हे कुलूप चालवता येतं?"

"येतं की."

त्यांनी नानांचा हात धरून माझ्यावर ठेवला. मुक्या जनावरांशी वागायची सवय, बोलण्यात वेळ घालवला नाही. वीज आली, दांडा धडकन बाहेर पडला. दोन स्क्रू निघालेले होते, त्यामुळे मी जरा जास्तच थरथरलो.

"पुन्हा," नाना म्हणाले.

पुन्हा.

"लागलं," ते म्हणाले. "याचे स्क्रू नीट आवळा."

ते पितळ आता मागच्या पाण्याच्या टाकीच्या झाकणाला असतं म्हणे. मी चौकशी करत नाही.

त्यानंतरचे दिवस माझे. रोज संध्याकाळी नाना यायचे, मुलगा बटण दाबायचा, आणि माझ्या पाठीवर तो रुंद, खरखरीत हात असायचा.

मग सूनबाई नानांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. कानामागे मावेल असं एक यंत्र आलं, चवळीच्या शेंगेच्या तुकड्याएवढं. पहिल्याच संध्याकाळी मी लागलो आणि आतल्या खोलीतून नाना म्हणाले, "लागलं बघा दार." घरात सगळे हसले. नाना आता जेवताना गप्पा मारतात, सुनेला उलट उत्तरं देतात, फोनवर मित्रांशी भांडतात. चांगलंच झालं. मला आनंद आहे. असायलाच हवा.

पण ते आता उठून येत नाहीत. त्या शेंगेला मात्र मऊ फडक्याने पुसतात, कापसाच्या डबीत निजवतात.

परवा तिचा सेल संपला. नाना आले, त्यांनी हात ठेवला, लागलोय ना ते पाहिलं आणि उगाच थोडा वेळ तसेच उभे राहिले. काल सूनबाईंनी नवं पाकीट आणलं.

तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर एवढंच सांगा, ते सेल किती दिवस चालतात?