मी पुढे, राणीसाहेब मागे

मित्रांनो, मी एक म्हातारी कुत्री आहे. माझे पाय आखूड आहेत, पोट जवळजवळ जमिनीला टेकतं, उजव्या डोळ्यात पांढरं पडलं आहे आणि तोंडात मोजून नऊ दात उरले आहेत. हे सगळं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी बढाया मारायला लागले तर तुम्ही फार मनावर घेणार नाही. बढाई मारण्यासारखी एक गोष्ट मात्र माझ्याकडे आहे. कित्येक वर्षं मी खोलीत शिरले की मोठमोठी माणसं ताडकन उठून उभी राहायची. सेनापती उठायचे, मंत्री उठायचे, ज्यांच्या तोंडात बिस्किट असेल ते तसेच गाल फुगवून उठायचे. तुमच्यापैकी कुणासाठी कधी सेनापती उठले आहेत का?

माझा जन्म राजवाड्यातला. जिन्याखाली एक उबदार खोली आहे, तिथे जुन्या पडद्यांच्या ढिगावर मी जन्मले. माझी आई राणीसाहेबांची, आजी राणीसाहेबांची, आमच्या कुळातली पहिली कुत्री तर त्यांच्या लग्नात पाहुण्यांच्या पायात पायात करत होती म्हणे. वहीत माझं एक लांबलचक नाव लिहिलेलं आहे, पण ते मी कुणाच्या तोंडून कधी ऐकलं नाही. मला पहिल्यांदा राणीसाहेबांकडे नेलं ते एका लोकरी शालीत गुंडाळून. शाल हलली, आतून मी शिंकले, आणि त्या म्हणाल्या, "अगं बाई, हे गठुडं तर जिवंत आहे!" झालं. तेव्हापासून मी गठुडी.

त्या वेळी आम्ही सातजण होतो. रोज संध्याकाळी पाच वाजता मागच्या दाराशी आमचे सात वाडगे ओळीने मांडले जायचे. राणीसाहेब बाह्या सरसावून स्वतः आमचं जेवण कालवायच्या. एक उंच हुजऱ्या तबक धरून शेजारी उभा असायचा आणि नाक दुसरीकडे वळवायचा. मग राणीसाहेब वयाच्या क्रमाने एकेकाचं नाव घ्यायच्या. नाव घेतल्याशिवाय कुणी वाडग्यात तोंड घालायचं नाही, हा नियम. सगळ्यांत थोरल्याला सगळे आजोबा म्हणत, त्याचा मान पहिला. मी सातवी. माझं नाव येईपर्यंत माझ्या लाळेचं थारोळं व्हायचं, पण मी हलत नसे.

आमची शिस्त वाडग्यापुरतीच होती, हे कबूल करते. एरवी आमच्यासारखी आगाऊ आणि लाडावलेली कुत्री शोधून सापडली नसती. उंच हुजऱ्याच्या कोटाच्या मागच्या खिशात कायम एक जुना टॉवेल असायचा, तो कशासाठी हे मी सांगायला नको. एका परदेशी पाहुण्याने तर ओल्या बुटात उभं राहून अख्खं भाषण केलं. आणि आम्ही चावायचो. टपाल आणणाऱ्याला, बँडमास्तरांना, औषधांची पेटी घेऊन येणाऱ्या डॉक्टरांना तर आवर्जून.

पण माझं खरं गिऱ्हाईक म्हणजे घड्याळवाले काका. राजवाड्यातल्या साऱ्या घड्याळांना किल्ली द्यायला ते दर सोमवारी यायचे. खांद्यावर शिडी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. ते शिडीवर चढले की माझं डोकं फिरायचं. अकरा वेळा चावले मी त्यांना. एकदा राणीसाहेबांनी त्यांना खुर्चीवर बसवून स्वतः पट्टी बांधली.

"काय हो, आज परत?" त्या म्हणाल्या.

"चालायचंच, राणीसाहेब. तिला टिकटिक आवडत नसेल."

"टिकटिक कसली! तुम्ही वर चढता ना, ते तिला खपत नाही. आपण एवढ्याशा, आणि हा बाबा एवढा उंच होतो म्हणजे काय?"

काका हसले. मी टेबलाखालून गुरगुरले, कारण राणीसाहेबांचं अगदी बरोबर होतं.

आता ती उभं राहण्याची गोष्ट. दुपारी चार वाजता राणीसाहेब आपल्या खोलीतून निघायच्या आणि लांब कॉरिडॉरमधून चहाच्या दालनात यायच्या. त्या सावकाश चालायच्या. आमच्यात तेवढा धीर नव्हता, आम्ही पुढे पळायचो. लाकडी जमिनीवर आमच्या नखांचा कटकट आवाज व्हायचा, आणि तो ऐकला की दालनातले सगळे सरसावायचे. साठी उलटलेले युवराज वर्तमानपत्र पाठीमागे लपवायचे. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे राजकन्या, पायातून काढलेले बूट घाईघाईने शोधायच्या. आम्ही दारात, सगळे उभे. मग वीसएक पावलांनी राणीसाहेब येऊन आपल्या खुर्चीत टेकायच्या आणि म्हणायच्या, "बसा." आम्ही खुर्चीच्या पायाशी पसरायचो, की बाकीचे बसायचे.

मी लहान होते तेव्हा मला वाटायचं, हे सगळे आजोबांसाठी उठतात. आजोबा पहिले होते ना. आपणही कधीतरी पहिले होऊ आणि मग हे आपल्यासाठी उठतील, एवढी एकच महत्त्वाकांक्षा मी उराशी बाळगून होते.

ती पुरी झाली, मित्रांनो. पण पुढचं कुणीतरी कायमचं गेल्याशिवाय आमच्यात बढती मिळत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आजोबा गेले, मी सहावी झाले. आई गेली, पाचवी झाले. दर वेळी ओळीतला एक वाडगा कमी व्हायचा. शेवटी मी आणि माझा भाऊ बोका, असे दोघेच उरलो. मांजरासारखा खिडकीत बसायचा म्हणून त्याला बोका म्हणत. एका सकाळी तो खिडकीतून उतरलाच नाही. त्या संध्याकाळी मागच्या दाराशी एकच वाडगा होता. राणीसाहेबांनी माझं नाव घेतलं. मी पहिली होते आणि शेवटचीही मीच.

"एखादं पिल्लू आणू या का गं?" राणीसाहेबांनी राजकन्यांना विचारलं.

"नको आई. पिल्लू पायात येतं, तू पडशील कुठेतरी."

राणीसाहेब माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मग काय गठुडे, आपण दोघीच." त्यांच्या भावंडांपैकीही तोवर कुणी उरलं नव्हतं. आम्ही दोघी आपापल्या ओळीत पहिल्या झालो होतो.

दुपारी चार वाजता मात्र माझा तोरा कायम होता. मी एकटी पुढे चालायचे आणि अख्खं दालन माझ्यासाठी उठायचं. फक्त राणीसाहेब वीस पावलं मागे असायच्या त्या तीस पावलं मागे राहू लागल्या, मग पन्नास. दालनात माणसं उभी राहून राहून अवघडायची. कॉरिडॉरच्या वळणावर एक खुर्ची आहे. तिथे पोचले की मी थांबून मागे बघू लागले. त्या काठी टेकत आल्या की म्हणायच्या, "चल, चल. आले." मग मी निघायचे.

एका दुपारी राणीसाहेब वळणावरच्या त्या खुर्चीत बसल्या. याआधी त्या खुर्चीत मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. मीही थांबले. त्यांनी वाकून माझ्या कानामागे खाजवलं. हात गार होता.

"गठुडे, तू हो पुढे," त्या म्हणाल्या. "मी येतेच मागून."

आणि मी गेले. मित्रांनो, मी गेले हो! चार वाजले होते, दालनात बिस्किटं होती आणि माणसं माझ्यासाठी उठायची होती. मी नखं वाजवत दारात पोचले, सगळे उठले. मी आत जाऊन खुर्चीच्या पायाशी बसले. कुणी "बसा" म्हणालं नाही, म्हणून सगळे उभेच राहिले. तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यांकडे नीट पाहिलं. एकाचंही लक्ष माझ्याकडे नव्हतं. सगळे माझ्या डोक्यावरून दाराकडे बघत होते. इतकी वर्षं ते तिकडेच बघत असणार. मग राजकन्या म्हणाल्या, "दादा, आई अजून कशी नाही आली?" आणि सगळे धावत सुटले.

दोन दिवसांनी राणीसाहेब गेल्या. त्या दोन दिवसांत मला कुणी त्यांच्या खोलीत सोडलं नाही. मी डॉक्टरांना चावेन, अशी सगळ्यांना भीती वाटत होती. भीती बरोबरच होती, जन्मभर मी दुसरं केलं काय होतं? मी दाराच्या फटीला नाक लावून बसले, तर मला उचलून जिन्याखालच्या खोलीत ठेवलं. जिथे जन्मले तिथेच.

तिथे उंच हुजऱ्या रोज पाच वाजता माझा वाडगा आणून ठेवायचा आणि न बोलता जायचा. मी वाडग्यासमोर बसून वाट बघायचे. नाव घेतल्याशिवाय खायचं नाही, हे माझ्या हाडीमाशी भिनलं होतं. दुसऱ्या दिवशी पाचला तो तोच भरलेला वाडगा उचलून नवा ठेवायचा. चार दिवस असेच गेले. भूक खूप लागायची. बाहेर बोलणं ऐकू यायचं, "कुत्रीने अन्न सोडलंय." "तिचं वयही झालंय." "लांबच्या बंगल्यावर पाठवा तिला, तिथे शिकारी कुत्र्यांबरोबर राहील." ते शिकारी कुत्रे मी एकदा पाहिले आहेत. तीसजण एका जाळीत राहतात आणि माझ्याएवढ्या सशांच्या मागे धावतात. शिवाय डॉक्टरांना विचारून हिला शांत झोपवून टाकावं, असंही कुणीतरी हळूच म्हणालं.

सोमवार आला. जिन्यावरच्या मोठ्या घड्याळाची वजनं जिन्याखालच्या खोलीत लोंबतात, ती बघायला घड्याळवाले काका दार उघडून आत आले. मला बघून त्यांनी शिडी भिंतीला टेकवली आणि आपला पाय पुढे केला.

"घे, चाव एकदा. तुलाही बरं वाटेल, मलाही."

माझ्यात चावायचं त्राण नव्हतं. काकांनी भरलेल्या वाडग्याकडे पाहिलं. इतके सोमवार मागच्या दाराशी किल्ली देताना त्यांनी आमची पंगत पाहिली होती. ते गुडघ्यावर बसले.

"राणीसाहेबांसारखं नाही जमायचं मला," ते म्हणाले. "गठुडे."

मी वाडगा चाटून पुसून स्वच्छ केला. काका बाहेर कुणाला तरी ओरडून सांगत होते, "अहो, तिचं नाव घ्यावं लागतं! एवढंही ठाऊक नाही का कुणाला?" दार उघडं होतं. घड्याळात चारचे ठोके पडले आणि माझे पाय आपोआप कॉरिडॉरकडे वळले.

चहाच्या दालनात त्या वेळी माझाच निकाल चालला होता. युवराज आता महाराज झाले होते. राजकन्या होत्या, डॉक्टर होते, आणखी दहाबारा माणसं होती. माझी नखं वाजली आणि मी दारात उभी राहिले.

सगळे उठले. महाराज वर्तमानपत्र पाठीमागे धरून उठले. सगळे माझ्या डोक्यावरून दाराकडे बघू लागले. त्यांच्या डोळ्यांत अशी काही आशा होती की मीसुद्धा मागे वळून पाहिलं.

मागे कुणी नव्हतं.

बराच वेळ कुणाला बसावं कसं ते कळेना. मी पुढे होऊन त्या रिकाम्या खुर्चीच्या पायाशी पसरले. राजकन्यांनी तोंडाला रुमाल लावला.

महाराज म्हणाले, "मघाशी मी आत आलो तेव्हा निम्मे लोक बसूनच होते." कुणाला टोचून बोलले नाहीत, स्वतःशीच हसले. मग म्हणाले, "हिला कुठेही पाठवायचं नाही. हिची नखं वाजली की निदान क्षणभर वाटतं तरी, आई येतेय."

अशी मी राहिले. पण आता महाराजांना कामं असतात, राजकन्या आपल्या घरी असतात, आणि चहाचं दालन बहुधा बंदच असतं. उंच हुजऱ्या पाच वाजता "गठुडी" म्हणतो, हजेरी घेतल्यासारखं, आणि मी खाते. बाकीचा दिवस फार मोठा असतो. चार वाजता मी वळणावरच्या खुर्चीपर्यंत जाते आणि तिथेच बसते. पुढे जात नाही.

परवा सोमवारी घड्याळवाले काका तिथे आले. त्यांचेही गुडघे आता दुखतात. त्यांनी शिडी खाली ठेवली, त्या खुर्चीत टेकले आणि धाप लागलेल्या आवाजात म्हणाले, "तू हो पुढे, गठुडे. मी येतो मागून."

मी त्यांच्या बुटांवर हनुवटी टेकवली आणि सगळं अंग सैल सोडलं. ते दोनदा "जा" म्हणाले, मी हलले नाही. ते उठून चालू लागले तेव्हाच मी उठले, आणि त्यांच्या मागून चालले.

मित्रांनो, तुमच्या घरातलं एखादं म्हातारं माणूस असं वाटेत टेकलं आणि "तू हो पुढे" म्हणालं, तर जाऊ नका. म्हातारं कुत्रं असेल तर ते काही म्हणणार नाही, नुसतं बसून राहील. त्याच्यापाशीही थोडं बसा. चहा थांबतो.