एका कामाचे दोन नारळ

खालापूरच्या कारखान्यात शिफ्ट सांभाळताना मी एवढंच शिकले, की एका कामाला एकच माणूस नेमायचा आणि ज्याला नेमलं नाही त्याला ते तोंडावर सांगायचं. तो चार दिवस फुगून बसतो, पण मशीनमध्ये कोणाचा हात जात नाही.

माझे वडील आबाजी शेलूजवळच्या आमच्या गावाचे सरपंच. त्यांना जन्मात कोणाला 'नाही' म्हणता आलं नाही. लोक त्याला मनाचा मोठेपणा म्हणायचे. मी भित्रेपणा म्हणते.

गावात इमारती उठतायत. त्यांना रेती-खडी गावच्याच पोरांनी पुरवायची, अशी आमच्याकडची रीत. सरपंच ज्याच्या टेंपोपुढे नारळ फोडेल, काम त्याचं. मग दुसरा मध्ये पडत नाही. या वेळी एका नव्या इमारतीच्या कामासाठी बाबांनी सकाळी माझ्या धाकट्या भावाच्या, संतोषच्या टेंपोपुढे नारळ फोडला. संध्याकाळी वरच्या आळीतल्या किरणच्या टेंपोपुढेही फोडला. किरणची आई जनाकाकू मला पेढा द्यायला आली, तेव्हा कळलं.

"बाबा, एका कामाचे दोन नारळ? उद्या दोघं एकाच गेटावर येतील."

"येऊ दे गं. आपलीच पोरं हायत. घेतील समजून."

"कोणातरी एकाला नाही म्हणा. आत्ता."

"वरच्या आळीची मतं हायत. आन् ह्यो पोटचा. कुनाला दुखवू?"

"असा सुपरवायझर मी एक दिवस ठेवला नसता."

"ह्यो कारखाना नाय, गाव हाय," म्हणत त्यांनी टीव्ही लावला.

मग मी संतोषलाच म्हटलं, तू माघार घे. तो म्हणाला, "शब्द बाबांनी दिलाय, तायडे. माघार मी कशाला घेऊ?" त्याचं चुकत नव्हतं, म्हणून तर माझा आणखी संताप झाला.

सकाळी मी बाबांना दंडाला धरून बांधकामावर नेलं. गेटात दोन्ही टेंपो नाकाला नाक लावून उभे होते. किरणने संतोषची गचांडी धरली होती. आम्हाला बघून दोघंही वळले.

"सांगा आबाजी," किरण म्हणाला, "काम कुनाचं?"

एक नाव पुरलं असतं, कोणाचंही. बाबांनी कपाळ पुसलं आणि म्हणाले, "आधी च्या घेऊ. मग बसून बोलू."

किरण हसला. त्याने पहार उचलली आणि संतोषच्या टेंपोची काच फोडली. काचेचा तुकडा संतोषच्या गालात घुसला. संतोषने हौद्यातलं फावडं ओढून काढलं. पहिला घाव किरणच्या खांद्यावर बसला, दुसरा डोक्यात. किरण रेतीवर कोसळला तरी संतोष मारतच राहिला. मी त्याच्या पाठीला लटकले. त्याने मला झटकलं, माझं तोंड चाकावर आपटलं, दात ओठात घुसला. हमाल पळाले. बाबा गेट धरून उभे होते. रेती भिजून लाल झाली, तेव्हा संतोष आपणहून थांबला. किरण तिथेच गेला.

पोलीस ठाण्यात फौजदारांनी बाबांना विचारलं, "कोणी मारलं?"

"धुरळा व्हता सायेब. मला काय दिसलं नाय." मग माझ्याकडे बोट केलं. "हिला इचारा. ही शिकलेली हाय."

संतोष माझ्याकडे बघत होता. मला त्याला वाचवायचं होतं. आजही वाचवायचं आहे.

"माझ्या भावाने मारलं," मी म्हटलं. "किरण पडल्यावरही मारलं. आणि त्या दोघांना एका गेटावर आणून उभं केलं, ते या माणसाने."

संतोषने मान खाली घातली. बाबा रडायला लागले. "असं कसं बोललीस गं? आता मी तुज्या आईला काय सांगू?"

"तेवढं तरी तुमचं तुम्ही ठरवा."

मी बाहेर आले. बाकड्यावर जनाकाकू बसली होती. मी तिच्याशेजारी टेकले, तशी ती उठली आणि भिंतीला जाऊन उभी राहिली.